आपल्या उंबरठ्याखालून काय वाहते?



यहेज्केल संदेष्ट्याचा दृष्टान्त आपण ऐकला आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. पुढे जाईल तसे ते खोल होते आणि मृत समुद्राला मिळून त्याचे पाणी गोडे करते. तिथे मासे होतात, काठावर कोळी जाळी पसरतात.

आपल्या उंबरठ्याखालून काय वाहते? राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत आपल्या वसईच्या खाडीला येते. वाटेत गावोगावचे सांडपाणी तिला मिळते.

जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ साली झाला. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत अधिक. त्यांची कसोटी साधी आहे. पाण्यातली घाण कुजताना प्राणवायू खर्च होतो. हा खर्च लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेला, की ते पाणी आंघोळीलाही योग्य मानत नाहीत. घाण फार वाढली, की मासे गुदमरतात.

आपण लगेच कारखान्यांकडे बोट दाखवतो. त्यांचा दोष आहेच. पण नद्यांचे मोठे दुखणे आहे ते घराघरांतून निघणारे, शुद्ध न केलेले सांडपाणी. त्यात तुमचा-माझा वाटा आहे.

‘माझा शेजारी कोण?’ असे शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते. प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणारा, आपण कधीही न पाहिलेला माणूसही आपला शेजारीच. रिकामे जाळे ओढणारा कोळी आपला शेजारी. प्रभूने आपले पहिले शिष्य कोळ्यांमधूनच निवडले, हे विसरू नये. शुद्ध पिण्याचे पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले आहे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करावी. आपल्या संडासाची टाकी आणि मोरीचे पाणी कुठे जाते, हे स्वतः पाहावे. टाकी पाझरत असेल तर दुरुस्त करावी. वापरलेले तेल, जुनी औषधे मोरीत ओतू नयेत. सोसायटीच्या सभेत आणि नगरसेवकाकडे सांडपाणी शुद्धीकरणाची चौकशी करावी. पापनिवेदनाला येताना याचाही विचार करावा.

पाण्यानेच आपला बाप्तिस्मा झाला. त्या पाण्याशी आपण प्रामाणिक राहावे, अशी कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.