मगरी पाहावयास जाणें

सुटीच्या दिवशीं मुलाबाळांस बरोबर घेऊन, डबा बांधून कोठें तरी जाऊन यावें, ही आतां आपल्या सुशिक्षित घरांची रीतच होऊन बसली आहे. पूर्वीं हीच कुटुंबें देवदर्शनास जात असत. आतां देवळाच्या जोडीस धरण, किल्ला, बाग व प्राणिसंग्रह यांचाहि यात्रेंत समावेश झाला आहे. यांत गैर असें कांहीं नाहीं, आणि सहलीस निघालेल्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतुहि नाहीं. परंतु या यात्रेंतील एक ठिकाण असें आहे कीं, तेथें आपली करमणूक नेमकी कशानें होते व ती मागण्याचा आपणांस अधिकार काय, हा प्रश्न टाळूं म्हटलें तरी टळत नाहीं. तें ठिकाण म्हणजे मगरी पाळण्याचें आवार होय.

वाघ पाहावयास गेलेला मनुष्य त्याच्या रूपावर भाळतो. माकडांत त्याला आपलेच सोयरे दिसतात. हरिणीच्या डोळ्यांवर तर संस्कृत कवींनीं पिढ्यान्पिढ्या गुजराण केली. मगरीच्या वांट्यास यांतलें कांहीं आलें नाहीं. ती देखणी नाहीं, खेळकर नाहीं, अन्न घालणाऱ्याशीं कृतज्ञ असल्याचें सोंगहि ती आणीत नाहीं. आपल्या भाषेनें तिला दोनच गोष्टी दिल्या: खोटे अश्रू, आणि भीतीपोटीं केलेली स्तुति. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' असें म्हणणारा मनुष्य पाण्यांत असतो व सुटकेची वाट पाहत असतो, हें त्या म्हणींतलें मर्म आहे. आवाराच्या भिंतीवरून डोकावणाऱ्यास ही स्तुति करण्याचें कारण उरत नाहीं. त्याची जीभ मोकळी सुटते. आणि, पुढें दिसेल त्याप्रमाणें, हातहि.

अशा आवारांपैकीं आपल्या देशांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे चेन्नईहून मामल्लपुरमकडे समुद्रकांठानें जाणाऱ्या रस्त्यावरची, शहरापासून सुमारें ४० किलोमीटरांवर असलेली 'मद्रास क्रोकोडाइल बँक'. रोम्युलस व्हिटेकर व झाई व्हिटेकर यांनीं १९७६ सालीं ती उभारली. यांपैकीं झाईबाई या मुंबईचे निसर्गाभ्यासक झफर फतेहअली यांच्या कन्या. बँक हें नांव गमतीचें वाटेल, पण तें विचारपूर्वक ठेवलेलें आहे. कातड्याच्या व्यापारापायीं व नद्यांच्या पात्रांवर माणसानें केलेल्या अतिक्रमणापायीं भारतांतील तिन्ही जातींच्या मगरी त्या काळीं संपुष्टांत येत चालल्या होत्या. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७५ सालीं सरकारनें मगरींच्या रक्षणाची योजना हातीं घेतली, आणि पुढच्याच वर्षीं ही बँक निघाली. मगरींची ठेव ठेवावी, तिच्यावर पिलांचें व्याज यावें, आणि तें व्याज नद्यांस परत करावें, असा तो हिशेब होता. तीन जाती म्हणजे गोड्या पाण्यांतील मगर, खाड्यांतून राहणारी खाऱ्या पाण्यांतील महाकाय मगर, आणि लांब, निमुळत्या जबड्याची, मासे खाऊन राहणारी घडियाल. मराठींत आपण तिघींसहि मगर किंवा सुसर असें वाटेल तें म्हणतों. ज्याच्याशीं घसट नाहीं त्याच्या नांवांत मनुष्य काटेकोर राहत नाहीं.

म्हणजे येथें जाणारें कुटुंब तिकिटाचे जे पैसे देतें, ते एका नष्ट होऊं पाहणाऱ्या कुळाच्या रक्षणास लागतात. प्रश्न येथेंच मिटावयास हवा होता. तो कां मिटत नाहीं, हें पाहण्यासाठीं मगरींकडे नव्हे, भिंतीच्या अलीकडे पाहावें लागतें.

पलीकडे मगरी एकमेकींच्या अंगावर माना टाकून वाळूंत पडलेल्या असतात. कित्येकींचे जबडे उघडे असतात. त्या हालत नाहींत. पांच मिनिटें जातात, दहा जातात. मग कोणी तरी विचारतें, "अहो, या खऱ्या आहेत कीं सिमेंटच्या?" त्यानंतर जें घडतें तें मगरी ठेवणाऱ्या कोणत्याहि प्राणिसंग्रहाच्या रखवालदारास पाठ असतें. पाट्या लावलेल्या असतात, तरीहि खडा जातोच. आम्हीं एके ठिकाणीं पाहिलेला खडा कोणा उनाड पोरानें मारलेला नव्हता. चांगला पोक्त, चष्मा लावलेला गृहस्थ होता. "थांब हं बाळ, आतां बघ कशी हालते," असें नातवास सांगून त्यानें तो मारला. त्याच्या मनांत क्रौर्य मुळींच नव्हतें. नातवाचा दिवस फुकट जाऊं नये, एवढीच त्याची इच्छा होती. त्यांच्या मंडळींनीं "अहो, नका," असें हळूच म्हटलें खरें. पण त्या म्हणण्यांत मगरीपेक्षां रखवालदाराची काळजी अधिक होती.

कोणी म्हणेल, मगरीच्या त्या चिलखतासारख्या पाठीवर खडा पडला काय आणि पान पडलें काय! दुखत नसेल तर दोष कसला? दोष दुखण्यांत शोधणाऱ्यांचें येथें समाधान होणार नाहीं, आणि आमच्या मतें या प्रश्नाची खरी गोम तीच आहे. खडा मारणारा मगरीस दुखवूं इच्छीत नसतो. तो तिला तिच्या कर्तव्याची आठवण देत असतो. आम्ही पैसे मोजले आहेत, लांबून आलों आहों, मूल बरोबर आहे. तेव्हां तूं हालणें लागतेस, असें तो खडा म्हणतो. एखादें जिवंत अस्तित्व आपल्यासमोर असलें एवढ्यानें तें आपल्यासाठीं आहे, हा समज त्यांत पक्का बसलेला असतो. आणि तो समज आजोबांकडून नातवाकडे, एका खड्यांत, कांहीं न बोलतां पोंचतो.

मगर हालत नाहीं याला कारण आहे, आणि तें जाणण्याजोगें आहे. आपल्यासारखी ती अन्न जाळून अंग ऊन ठेवीत नाहीं. ऊब उन्हाकडून घेते, आणि ती फार झाली म्हणजे जबडा उघडून बाहेर टाकते. आपण ज्यास तिचा क्रूर आ समजतों, तें बहुधा वारा घेणेंच असतें. खर्च इतका थोडा असल्यामुळें मोठी मगर अन्नावांचून महिनेच्या महिने काढूं शकते. हीच काटकसर तिच्या कुळानें डायनासोरांच्या काळापासून चालविली. ते गेले, हीं राहिलीं. तेव्हां त्या भिंतीशीं आपण जें 'कांहींच न घडणें' पाहून कंटाळतों, तेंच तिचें घडणें आहे. संसारांत निम्मी हयात धांवपळींत घालविणाऱ्या गृहस्थास हें दृश्य सोसत नाहीं, याचें नवल वाटावयास नको.

चांगला मार्गदर्शक मिळाला तर तो मगरीचें मातृत्व सांगतो. मादी वाळूंत खळगा करून पंचवीसतीस अंडीं घालते व पुरून ठेवते. पिलें नर निघणार कीं मादी, हें घरट्यांतील उष्णतेवर ठरतें. दोनएक महिन्यांनीं आंतून पिलांचा आवाज येऊं लागला म्हणजे ती वाळू उकरते, आणि ज्या जबड्यांत म्हशीचें हाड मोडतें त्याच जबड्यांत पिलांस अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. हें ऐकतांच भिंतीशीं असलेली मंडळी एकदम गप्प होतात; बायकांच्या डोळ्यांत निराळाच भाव येतो. आम्हांसहि ही गोष्ट प्रिय आहे. तरीहि एक शंका राहते. मगर आई आहे म्हणून आम्हांस तिची माया आली, तर ती माया मगरीची कीं आपल्याच प्रतिबिंबाची? जी मगर आई नाहीं, म्हातारी आहे, दिवसभर चिखलांत पडून आहे, तिचें काय? माया ही सारखेपणा शोधीत जाते. न्यायास सारखेपणाची गरज लागूं नये. आणि मगरीइतका दूरचा, लळा न लावणारा प्राणी समोर असला म्हणजेच आपल्यापाशीं माया आहे कीं न्यायबुद्धि, याची पारख होते. गजेंद्रमोक्षाची कथा घ्या. त्यांतील नक्र हा हूहू नांवाचा शापित गंधर्व होता आणि भगवंतांच्या हातून त्याचाहि उद्धार झाला, असें भागवत सांगतें. पण आपण कथा ऐकून घरीं येतों तेव्हां लक्षांत राहतो तो हत्तीच.

प्रेक्षकाची ही मागणी नवी नाहीं. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार इजिप्त देशीं गेला असतां त्यानें एका तळ्यांत पाळलेली पवित्र मगर पाहिली. त्याच्या यजमानानें पोळी, भाजलेलें मांस आणि मध घातलेलें पेय बरोबर नेलें होतें. मगर कांठावर पडली होती. पुजाऱ्यांनीं तिचा जबडा उघडला, पोळी घातली, मांस घातलें, वरून पेय ओतलें. मगर उडी टाकून पलीकडच्या तीरास गेली. इतक्यांत दुसरा पाहुणा नैवेद्य घेऊन आला; तेव्हां पुजारी वळसा घालून धांवत गेले, तिला धरलें आणि पुन्हा भरविलें! देवता झाली तरी तिला 'पुरे' म्हणण्याची सोय नव्हती. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरीं १९०७ सालीं निघालेल्या आवारांत ॲलिगेटर जातीच्या मगरींस घसरगुंडीवरून सोडीत, आणि मुलांस त्यांच्या पाठीवर बसवून छायाचित्रें काढीत. तीं छायाचित्रें आजहि पाहावयास मिळतात. तें आवार १९५३ सालीं दुसरीकडे हलविलें गेलें व १९८४ सालीं बंद पडलें. बँकॉकजवळ समुत प्राकान येथें १९५० सालीं निघालेलें आवार तर मगरीच्या जबड्यांत डोकें घालणाऱ्या मनुष्यांच्या खेळांसाठीं प्रसिद्धीस आलें. त्या देशांत आवारांतून पाळलेल्या मगरी लाखांनीं मोजाव्या लागतात, आणि मूळची सयामी मगर रानांतून जवळजवळ नाहींशी झाली आहे. कातड्याच्या पिशव्यांच्या रूपानें जात टिकली, असें ज्यांस म्हणावयाचें असेल त्यांनीं तें म्हणावें.

चेन्नईच्या बँकेस या माळेंत ओंवणें अन्यायाचें होईल. तेथें मगरी कातड्यासाठीं नाहींत. सर्पाच्या कातड्यांचा व्यापार बंद झाल्यावर उपजीविका गमावलेल्या इरुळ लोकांची सहकारी संस्थाहि १९७८ सालीं व्हिटेकर यांच्याच साह्यानें उभी राहिली, आणि त्यांनीं काढलेलें विष सर्पदंशावरील औषधाच्या कामीं येतें. माणसाची पोटाची सोय पाहिल्यावांचून प्राण्याचें रक्षण होत नाहीं, हें ज्यांस कळलें ते लोक भाबडे नव्हेत.

पण माणसाचा प्रश्न निघाला म्हणजे तिकीट काढून मगर पाहणाऱ्यांच्या पलीकडेहि कोणी आहे, हें आठवावें लागतें. गोव्यांत फोंडा तालुक्यांतील कांहीं गांवीं पौषाच्या अमावास्येस 'मांगेथापणी' होते. खाडीकांठच्या खाजणशेतांत राबणारे लोक चिखलाची मगर घडवितात, तिला शिंपल्यांनीं सजवितात, तिची पूजा करतात आणि आमच्या माणसांस व बांधांस सांभाळ असें मागतात. त्यांची शेतें आणि मगरीचें घर एकाच पाण्यांत आहे. त्यांच्या त्या मातीच्या मगरीस हालावयास कोणी सांगत नाहीं. भय आहे, आदर आहे, आणि थोडा सौदाहि आहे. आम्हांस तो सौदा खडा मारण्यापेक्षां पुष्कळ अधिक सुसंस्कृत वाटतो. आमच्याकडे चिपळूणास वाशिष्ठीच्या मगरी पावसाळ्यांत गांवांत येतात. २०२४ सालीं तर भर रस्त्यावरून एक चालत गेलेली लोकांनीं पाहिली. सांगली जिल्ह्यांत कृष्णेच्या कांठीं गोष्ट याहून कठीण आहे. तेथें पाण्यांत उतरलेलीं माणसें मगरींनीं ओढून नेलीं आहेत, मुलेंहि गेलीं आहेत. सरकार नुकसानभरपाई देतें. पण मगरीवर दया कोणीं करावी, असें त्या कांठावरच्या आईस शहरांतून सांगावयास जाणाराची आम्हांस कींव येते. भिंतीआडून केलेली दया स्वस्त असते. ती खोटी असते असें नव्हे. तिची किंमत मात्र दुसराच कोणी भरीत असतो, आणि सहलीहून परततांना मुलांस हेंहि सांगितलें पाहिजे असें आमचें मत आहे.

बँकेच्या पुढील हिशेबांत हीच अडचण उभी राहिली. ठेवीवर व्याज भराभर आलें. गोड्या पाण्यांतील मगर बंदिवासांत वर्षांतून दोनदांहि अंडीं घालते असें तेथें दिसून आलें, आणि पिलें हजारांनीं झालीं. पहिल्या वर्षांत पुष्कळ मगरी निरनिराळ्या राज्यांत पाठविल्या गेल्या. पण विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांना नद्यांत सोडणें थांबलें, आणि आवार भरत गेलें. २०२२ पासून त्यांतील शेंकडों मगरी गुजराथेंत जामनगर येथील एका खाजगी प्राणिसंग्रहाकडे नेल्या गेल्या. एका भिंतीआडून दुसऱ्या भिंतीआड. यांत कोणास दोष द्यावा हें आम्हांस दिसत नाहीं. नद्या आहेत, पण त्यांच्या कांठीं माणसें आहेत.

कृष्णेच्या घाटावर धुणें धुणाऱ्या बायांपैकीं 'मगरींस मारून टाका' असें म्हणणाऱ्या आम्हांस थोड्याच भेटल्या. 'येथून त्यांस कोठें तरी न्या हो,' असें मात्र जवळजवळ प्रत्येकीनें म्हटलें, आणि धुण्याचा पिळा हातांत धरून पाण्याकडे पाहत ती उत्तराची वाट पाहत राहिली.