एका पावलाचा प्रश्न

सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला पाय लावण्यापूर्वी भूमीची क्षमा मागावी, असा रिवाज ग्वाल्हेरला लष्कर भागातील आमच्या जुन्या घरात होता. आजी तो कटाक्षाने पाळीत असे. आम्ही मुले तो श्लोक घाईघाईने पुटपुटत असू आणि तो संपण्यापूर्वीच अंगणात पोहोचलेले असू. ही क्षमा नेमकी कशाची, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडला नाही. तो पडला उतारवयात, आणि तोही घरापासून हजारो कोस दूर, अमेरिकेतील यूटा राज्याच्या वाळवंटात.

जानेवारीचा महिना होता. कन्या व जावई यांच्यासमवेत आम्ही उभयता कॅम्पर व्हॅनमधून त्या प्रदेशात हिंडत होतो. निजणे, स्वयंपाक, प्रवास, सारे एकाच गाडीत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आम्ही अक्षरशः जगलो. रात्री पारा गोठणबिंदूखाली जाई. सकाळी चहाचा पेला हाती घेऊन दार उघडावे, तो समोर तांबड्या वालुकाश्माचे सुळके आणि त्यांच्या खाचांत रेंगाळलेला बर्फ. ग्वाल्हेरकरांना वालुकाश्म नवा नाही. आमचा किल्ला त्याच्याच डोंगरावर उभा आहे. पण आमच्याकडे दगडाला आकार दिला तो टाकीने, आणि येथे पाण्याने. फटींत शिरलेले पाणी रात्री गोठून फुगते, दगड कणाकणाने सुटतो आणि केव्हातरी भिंतीला आरपार खिडकी पडते. तेथील आर्चेस राष्ट्रीय उद्यानात अशा २,००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत.

त्यांपैकी ‘डेलिकेट आर्च’ नावाची सुप्रसिद्ध कमान पाहण्यासाठी जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटरची वाट चालावी लागते. ती पाहून आम्ही उतरत होतो. पायथ्याजवळ छायाचित्र घेण्यासाठी सोयीची जागा दिसली, म्हणून आम्ही पायवाट सोडून एक पाऊल बाजूला टाकले. पायाखाली पापड मोडावा तसा बारीक आवाज झाला.

“बाबा, तिथे पाय नका ठेवू,” कन्या म्हणाली. “ती माती जिवंत आहे.”

खाली पाहिले तर काळपट, खडबडीत, फुगीर अशी मातीची खपली. नीलहरित शैवालाचे सूक्ष्म तंतू, शेवाळ आणि आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातीचे जीव मिळून वाळूचे कण विणून ठेवतात आणि हे कवच तयार होते. ते वाऱ्यापावसात माती धरून ठेवते, हवेतील नायट्रोजन मातीत आणते. त्या ओसाड भूमीत झुडपे उगवतात ती त्याच्या आधारावर. एकदा तुडवले गेले की भरून यायला वर्षे, कित्येकदा दशके लागतात.

“अगं, एका पावलाने काय होते?” आम्ही म्हणालो. बोलून गेलो खरे, पण त्या रात्री गाडीत पांघरुणांखाली पडल्यावर झोप येईना.

या प्रश्नाचे पहिले उत्तर गणिताचे आहे. त्या उद्यानात वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक माणसे येतात. प्रत्येकाचे पाऊल ‘एकच’ असते. हे खरे, पण पुरेसे नाही. उद्या तेथे दुसरे कोणीच येणार नसले, तर आमचे पाऊल निर्दोष ठरेल काय? मातीचा तेवढा तुकडा तर तेव्हाही मोडलाच असता.

दुसरा विचार असा की निसर्ग तरी कोठे जपतो? त्याच उद्यानातील ‘वॉल आर्च’ ही मोठी कमान ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्री आपोआप कोसळली. पण त्याच राज्यातील गॉब्लिन व्हॅलीत ऑक्टोबर २०१३ मध्ये एका प्रौढ माणसाने छत्रीसारखा तोललेला एक प्राचीन खडक हातांनी ढकलून पाडला. मुलांच्या अंगावर पडू नये म्हणून पाडला, असा खुलासा त्याने व त्याच्या साथीदारांनी केला. पुढील वर्षी न्यायालयात दोष कबूल केला. दोन्ही ठिकाणी दगडच पडला. तरीही एकाला आपण मरण म्हणतो आणि दुसऱ्याला हत्या. माणूस मर्त्य आहे म्हणून त्याला मारणे क्षम्य ठरत नाही. मग खडक झिजणारच आहे, हे तरी त्याला पाडण्याचे समर्थन कसे होईल?

मग तिसरा विचार आला, आणि तो आजीकडे घेऊन गेला. पाय न ठेवता जगता येत नाही. म्हणूनच तिने ‘चालू नका’ असे सांगितले नाही, ‘क्षमा मागा’ असे सांगितले. परंतु आगाऊ मागितलेली क्षमा फार सहज परवाना होऊन बसते. एकदा श्लोक म्हटला की दिवसभर कोठेही पाय टाकायला आपण मोकळे! आम्ही आयुष्यभर बहुधा असेच वागलो. मातीशीच नव्हे, माणसांशीही.

त्या रात्री आजीची एक लकब आठवली. श्लोक झाल्यावर ती क्षणभर खाली पाहत असे आणि मगच पाय टेकवीत असे. आम्हांला वाटे, तिला अंधारात नीट दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही उघड्या खडकावरून आणि ओढ्याच्या कोरड्या वाळूतून चाललो. वाट लांबची पडली, गुडघे कुरकुरले. कन्येने काही म्हटले नाही. फक्त मधूनमधून थांबून आमची वाट पाहिली. मागे टाकलेला तो बुटाचा ठसा मात्र अजून तेथेच असेल, आणि बहुधा आमच्यानंतरही काही काळ राहील.