पीटीच्या तासाला दप्तरे कोणी राखायची?

भिवंडीचा धामणकर नाका म्हणजे कापडाचे तागे लादलेले टेम्पो, शेअर रिक्षांची ओरड, बी. एन. एन. महाविद्यालयाकडे निघालेली पोरे आणि वऱ्हाळादेवी तलावाकडे वळणारी माणसे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे एक स्थानक याच नाक्याच्या नावाने नकाशावर आले आहे. मेट्रो स्थानक म्हटले की लिफ्ट, उतार, अंध प्रवाशांसाठी खडबडीत पिवळ्या लाद्या हे सारे आता आपण गृहीत धरतो. अपंग माणसाला रस्त्यावरून फलाटापर्यंत कसे न्यायचे, याचा विचार निदान सुरू झाला. मैदानापर्यंत पोहोचलेल्या अपंग मुलाला खेळवायचे कसे, या प्रश्नाशी मात्र आपण अजून भिडलेलो नाही.

कोणत्याही शाळेतला पीटीचा तास आठवा. शिट्टी वाजते, मुले रांगेत उभी राहतात आणि कुबडी घेतलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला सर मायेनेच सांगतात, ‘तू बस बाळा, दप्तरांकडे लक्ष ठेव.’ त्या सरांच्या मनात दुष्टावा नसतो, भीती असते. पोर पडले, लागले तर जबाबदारी कोणाची? पण या मायेपोटी ते मूल दहा वर्षे दप्तरे राखते. गणिताच्या तासाला कोणाला असे बाहेर बसवले असते, तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती.

या भीतीवर उतारा म्हणून एक विद्याशाखा उभी राहिली आहे, अनुकूलित शारीरिक शिक्षण. तिची आंतरराष्ट्रीय संघटना 1973 साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये स्थापन झाली. 1975 च्या अमेरिकी कायद्याने विशेष शिक्षणाच्या व्याख्येतच शारीरिक शिक्षणाचा समावेश केला. टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापक क्लॉडिन शेरिल यांनी या विषयाला आयुष्य वाहिले. 1976 साली निघालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाची सहावी आवृत्ती 2004 मध्ये आली. अशा प्राध्यापकाच्या कारकिर्दीचे मोल पदकांत मोजता येत नाही. त्याच्या हाताखालून शिकून गेलेला शिक्षक गावोगावच्या मैदानांवर काय करतो, यावर ते ठरते.

या शास्त्राचे मूळ सूत्र साधे आहे : खेळाला मुलाच्या मापाचे करा. हे आपल्याला नवे वाटायचे कारण नाही. आपल्या लंगडीत पकडणारा एका पायावर असतो आणि पळणारे दोन्ही पायांवर, तरीही तो गडी बाद करतो. कारण मैदान आखून लहान केलेले असते. नियमाने शरीरातला फरक भरून काढला! व्हॉलीबॉलचे जाळे खाली घ्या, चेंडू हलका आणि मोठा घ्या, एक टप्पा चालेल असे ठरवा, म्हणजे व्हीलचेअरवरचा मुलगाही खेळात येतो. कबड्डीतला दम तर कानाने माग काढता येईल असाच आहे. कर्णबधिर धावपटूला शिट्टीऐवजी झेंडा दाखवा. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1946 साली जन्मलेल्या गोलबॉलमध्ये चेंडूत घुंगरू असतात, मैदानाच्या रेषांखाली दोरी असते म्हणून त्या हाताला लागतात, आणि प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते. थोडे दिसणारा आणि अजिबात न दिसणारा, दोघे एका पातळीवर येतात. प्रेक्षकांनीही चेंडू चालू असताना गप्प बसायचे असते.

मात्र नुसता उत्साह इथे घातक ठरू शकतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांच्या तपासणीशिवाय त्यांना कोलांटउडी मारायला लावणे धोक्याचे. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही; मे महिन्यातल्या भिवंडीच्या उन्हात त्याचा सराव कधी थांबवायचा, हे कळावे लागते. फिट येणाऱ्या मुलाला पोहायला शिकवता येते, पण पाण्यात त्याच्याशेजारी जाणते माणूस हवे. हे ज्ञान शिक्षकापर्यंत पोहोचायचे तर त्याला शिकवणारा प्राध्यापक आधी हवा.

महाराष्ट्राकडे अभिमानाच्या गोष्टी आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पाण्याची वाट दाखवली ती रुग्णालयातल्या उपचारांनी. त्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने 2024 साली पॅरिसमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणले. भारताची त्या स्पर्धेतली एकूण पदके 29. पण पदकविजेता जिद्दीवर वर येतो. ज्याला कधीच पदक मिळणार नाही, फक्त संध्याकाळी मित्रांबरोबर दमेपर्यंत खेळायचे आहे, त्याच्यासाठी व्यवस्था लागते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगांची नोंद 29 लाखांहून अधिक होती. त्यातले बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे.

कोणी म्हणेल, जिथे धडधाकट पोरांना मैदान नाही, तिथे ही चैन कशाला? भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या दाटीत हा आक्षेप खोटा नाही. पण नियम बदलायला जागा लागत नाही. वर्गातल्या बाकांमधल्या वाटेतही घुंगराचा चेंडू घरंगळवता येतो. अडते ते कल्पनेअभावी आणि प्रशिक्षणाअभावी. म्हणून प्रत्येक शारीरिक शिक्षण महाविद्यालयात हा विषय सक्तीचा व्हावा, त्याला पूर्णवेळ प्राध्यापक मिळावा आणि भावी शिक्षकाने काही आठवडे विशेष शाळेच्या मैदानावर काढल्याशिवाय त्याला पदवी देऊ नये.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 16 सांगते की सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी खेळाची व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी. कलम 30 क्रीडासंस्थांवरही अशीच जबाबदारी टाकते. म्हणजे खेळ ही शाळेची मेहेरबानी उरलेली नाही. तेव्हा पालकांनो, दिवाळीची सुट्टी संपली की मुख्याध्यापकांना भेटा, ही कलमे त्यांच्यापुढे ठेवा आणि आपल्या मुलाचा पीटीचा तास मागून घ्या.