उपऱ्याचा क्षेत्रवास

गावात एक रात्र, नगरात फार तर पाच, आणि पावसाळ्याचे महिने सोडले तर कोठेही मुक्काम लांबवू नये, असा परिव्राजकाचा आचार आपल्या धर्मशास्त्राने घालून दिला. आणि त्याच परंपरेने क्षेत्रसंन्यास या नावाचे दुसरे एक व्रतही मान्य केले, ज्यात साधक एखाद्या क्षेत्राची सीमा ठरवून घेतो आणि देह पडेपर्यंत ती ओलांडीत नाही. दोन्ही व्रतांचा हेतू एकच सांगितला जातो, तो म्हणजे आसक्तीचा क्षय. परंतु एकाच रोगावर एका वैद्याने चालत राहण्याची आणि दुसऱ्याने जागचे न हलण्याची मात्रा द्यावी, हे मनाला सहजासहजी पटणारे नाही. आणि नोकरीचा काळ मुंबईत संपवून मी वाईस बिऱ्हाड केले, तेव्हापासून हा विरोध माझ्यापुरता तरी पोथीतला राहिलेला नाही.

कसबे वाई हे कृष्णेच्या काठी घाटांवर वसलेले गाव. गंगापुरी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गणपती आळी, धर्मपुरी, भीमकुंड अशा आळ्यांनी त्याची रचना झाली आहे आणि गावाचा व्यवहार अजून पुष्कळसा त्या आळ्यांच्या हिशेबानेच चालतो. गणपती आळीच्या घाटावर रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. त्याच्या मागील भिंतीला माशाचा आकार दिलेला आहे, तो पुराचा लोंढा दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावा म्हणून. नदीला अडविण्याचा अट्टहास न करता तिला वाट देऊन आपण जागेवर ठाम राहावे, ही त्या पाथरवटाची समज मला अनेक भाष्यग्रंथांपेक्षा मोलाची वाटते.

या गावाची ख्याती मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांनी वाढविली, ही गोष्ट माझ्या प्रश्नाशी फार निगडित आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या सुडकोलीस जन्मलेले नारायणशास्त्री मराठे विद्यार्थी म्हणून येथे प्रज्ञानंद सरस्वतींपाशी आले आणि येथलेच झाले. त्यांच्या प्राज्ञपाठशाळेत शिकावयास आलेले लक्ष्मणशास्त्री जोशी हे मूळचे खानदेशातल्या पिंपळनेरचे. कलकत्त्यास जाऊन तर्कतीर्थ ही पदवी मिळविल्यावर ते परतले ते वाईसच, आणि पुढे मराठी विश्वकोशाची धुरा त्यांच्याकडे आली तेव्हा त्या प्रचंड उद्योगाचे दफ्तरही मुंबईस न राहता या लहान गावात थाटले गेले. १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. नारायणशास्त्र्यांची गोष्ट त्याहूनही विचार करावयास लावणारी आहे. १९३१ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले. म्हणजे ज्या दिवशी शास्त्राप्रमाणे गाव सोडून निघावयाचे, त्या दिवसानंतरही हा संन्यासी वाईतच राहिला आणि सात खंडांच्या मीमांसाकोशाच्या कामात १९५५ साली देह ठेवीपर्यंत गढून गेला. घर सुटले, नाव सुटले, गोत्र सुटले, आणि गाव मात्र सुटले नाही. ही आसक्ती म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. परंतु का वाटत नाही, हे सांगण्यास थोडे आडवळण घ्यावे लागेल.

महानगर माणसाला अनोळखीपणाचे अभयदान देते. सकाळी गाडीत ज्याच्याशी आपण हमरीतुमरीवर आलो तो मनुष्य पुन्हा आयुष्यात भेटण्याचा संभव नसतो. कालचे बोलणे आज कोणी आपल्यापुढे आणून ठेवीत नाही. आणि या मोकळिकीची सवय झाली की, आपले कोणाशी काही देणेघेणे उरले नाही असे मनुष्य समाधानाने सांगू लागतो. त्या समाधानाला वैराग्य समजणे ही मोठी फसगत आहे. तेथे संबंध तुटलेले नसतात; ते मुळी जडलेलेच नसतात, आणि जे जडलेच नाही त्याच्या त्यागाचे पुण्य कोणाच्या पदरी पडत नाही.

लहान गावात ही सोय नाही. मंडईत मेथीच्या जुडीवरून जिच्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातली, तीच बाई माघ-फाल्गुनातल्या कृष्णाबाईच्या उत्सवात महाप्रसादाच्या पंगतीला शेजारच्या पानावर बसलेली असते. वाड्यासमोरच्या एका वृद्ध बाईंनी मी येथे आल्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी दारातूनच मला विचारले, "काल दिवा लवकर मालवलात, बरं नव्हतं का हो?" आणि उत्तराची वाट न पाहता त्या आल्याचा तुकडा आणावयास आत गेल्या. आपला दिवा केव्हा मालवला जातो याची नोंद कोणी ठेवीत आहे, या जाणिवेने आधी अंग आखडते. वेदान्ताने साक्षी अंतःकरणात बसविला आहे खरा, परंतु त्या साक्ष्याला गुंगी आणण्याच्या नाना युक्त्या आपल्याजवळ असतात. समोरच्या ओटीवर बसलेल्या साक्ष्याला मात्र गुंगी येत नाही. बोलणे आणि वागणे यांचा ताळा रोजच्या रोज, त्याच त्या माणसांसमोर द्यावा लागणे, हे ज्याला साधना वाटत नाही त्याने तो प्रयोग करून पाहावा. जागा बदलीत राहणारा साधू स्वतःच्या उणिवा मागल्या मुक्कामी सोडून जाऊ शकतो. एका ठिकाणी राहणाऱ्याला ती मुभा नसते.

येथवर विचार सरळ चालतो. परंतु ओटीवरचा साक्षी आणि अंतरीचा साक्षी यांत एक भयंकर अंतर आहे, आणि ते झाकून ठेवणे हा अधर्म होईल. ओटीवरचा साक्षी आधी आडनाव विचारतो. आळी कोणती, मूळचे कोठले, कोणापैकी, हे कळल्यावाचून त्याची दृष्टी पुढे सरकत नाही. आणि ज्या मनुष्याला त्या एका उत्तराने पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवले, त्याला गावाच्या ओळखीची थोरवी सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवगानावर कठोर प्रहार केला आणि खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर आहे असे स्पष्ट बजावले. त्या भाषणाला उत्तर देण्याची धडपड पुष्कळांनी केली. माझ्या मते ते उत्तर देण्याचे विधान नव्हे, ते पचविण्याचे आहे. शहरातले जे अनोळखीपण माझ्यासारख्याला पोकळ वाटले, ते लक्षावधी माणसांना प्रथमच मोकळा श्वास देणारे ठरले, आणि त्या श्वासाची प्रतिष्ठा कोणत्याही क्षेत्रमाहात्म्याहून कमी नाही.

मग क्षेत्रवासाचे मोल कशात आहे? याचा उलगडा मला जुन्या महसुली व्यवस्थेतल्या दोन वर्गांवरून झाला. मिरासदार हा गावच्या जमिनीचा वंशपरंपरागत धनी. गावच्या सभेत त्याच्या शब्दाला मान, पण साऱ्याच्या ओझ्यासकट तो त्या मातीशी जखडलेला. उपरी हा बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारा. त्याला वडिलोपार्जित हक्क नाही, मानपान नाही, परंतु जाच झाला तर नांगर उचलून दुसऱ्या गावी जाण्याची मोकळीक त्याला होती. लहान गावात नव्याने येणारा मनुष्य उपरीच असतो, आणि त्याचा सारा प्रयत्न लवकरात लवकर मिरासदार होण्याचा चालतो: आपल्यालाही मान मिळावा, विचारल्याशिवाय पान हलू नये. हा प्रयत्न चुकीच्या दिशेचा आहे. गावाबद्दल मिरासदाराइतके दायित्व अंगावर घ्यावे आणि हक्क मात्र उपऱ्याइतकाच सांगावा, हे ज्याला साधले त्याचा क्षेत्रवास व्रत ठरतो. गीतेने फलाची आसक्ती सोडून कर्म करावयास सांगितले, त्याचा याहून अधिक रोकडा अर्थ मला माहीत नाही. आणि यात दुसरी अट गर्भित आहे: निघून जाण्याची मोकळीक असली पाहिजे. ज्याला सीमा ओलांडता येत नाही त्याने ती न ओलांडणे हा बंदिवास आहे, मग त्या सीमेत कितीही पवित्र नदी वाहत असो.

विनोबांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन ते याच वाईस आले, नारायणशास्त्र्यांपाशी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकले, आणि आश्रमात परत गेले. वाई त्यांना अडवू शकली नाही. १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानयात्रा सुरू झाली आणि पुढे तेरा-चौदा वर्षे त्यांनी बहुतेक सारा भारत पायांखाली घातला. परिव्राजकाचा धर्म विसाव्या शतकात इतक्या निष्ठेने दुसऱ्या कोणी पाळला असेल असे वाटत नाही. आणि त्याच पुरुषाने १९७० साली धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात क्षेत्रसंन्यास जाहीर केला. चालण्याचे सामर्थ्य आणि चालण्याची कीर्ती असलेल्या माणसाने थांबणे स्वीकारले, म्हणून त्या थांबण्याला अर्थ आला. वैद्यांच्या दोन मात्रांतला विरोधही येथे मिटतो, कारण त्या एकाच रोग्याच्या दोन अवस्थांना दिलेल्या आहेत.

असे व्रत घेण्याची माझी योग्यता नाही, आणि मी ते घेतलेलेही नाही. आळीच्या बैठकीला मला बोलावतात, सतरंजीवर जागा देतात. उत्सवाचा मानपान ठरताना मी गप्प बसतो, कारण तो माझा हक्क नाही. परंतु घाटाच्या पायऱ्यांवर पुराने टाकलेला गाळ उपसण्याचा किंवा कृष्णेच्या पात्रात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा विषय निघाला म्हणजे मी बोलतो आणि न थांबता बोलतो. पंगतीला कोणाला कोठे बसविले जाते याविषयीही बोलतो, आणि ते ऐकून एक-दोन घरांनी माझ्याकडे येणेजाणे कमी केले आहे. ती माणसे मला रोज घाटावर भेटतात. त्यांना नमस्कार करणे मी सोडलेले नाही, आणि बोलणेही सोडणार नाही.