तो पुरुष कुठे होता?



दरवर्षी ८ मार्चला जागतिक महिला दिन येतो. महिला मंडळाचा कार्यक्रम होतो. टेबलावर फोटो मांडले जातात : मदर तेरेसा, सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, कल्पना चावला. अमरावतीच्या खासदार राहिलेल्या आणि २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. भाषणे होतात, हार घातले जातात, चहापाणी होते आणि आपण घरी जातो. फोटोतल्या स्त्रीचा सन्मान करणे सोपे असते, कारण ती आपल्याला काही विचारत नाही. पण आपल्याच वऱ्हाडातल्या एका बाईने १४० वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारून ठेवला आहे आणि तो अजून उभाच आहे.

त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी मुलीला घरीच शिकवले. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेच्या भीतीने तिने आपले नवजात बाळ मारले होते. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून मात्र एकूण स्त्रीजातच कशी बिघडली आहे, यावर लेख येऊ लागले. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. १८८२ साली पुण्यात त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक छापले गेले.

स्त्रिया निर्दोष असतात, असा त्यांचा दावा नव्हता. जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, आणि असतील तर शिक्षा एकटीलाच का, एवढेच त्यांचे विचारणे होते. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा लोकांना ताराबाई कळल्या. आज त्यांना भारतातील आद्य स्त्रीवादी लेखिकांमध्ये गणतात.

हाच प्रश्न आपल्याला शुभवर्तमानातही भेटतो. योहानाच्या आठव्या अध्यायात शास्त्री आणि परुशी एका स्त्रीला येशूपुढे आणून उभी करतात. तिला व्यभिचार करताना प्रत्यक्ष पकडले, असे ते सांगतात. मग तो पुरुष कुठे होता? मोशेच्या नियमशास्त्राने अशा प्रसंगी दोघांनाही दोषी धरले आहे (लेवीय २०:१०). आणली गेली ती मात्र एकटी बाई. प्रभूने पापाला पाप नाही असे म्हटले नाही. त्याने आधी दगड धरलेल्या हातांना स्वतःकडे पाहायला लावले आणि नंतरच तिला पुन्हा पाप करू नकोस असे सांगितले. हा क्रम आपण नेहमी विसरतो.

ख्रिस्तसभेतही हे घडले आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. मग्दालिया मरिया ही पुनरुत्थित प्रभूची पहिली साक्षीदार. ती वेश्या होती असे शुभवर्तमान कुठेही सांगत नाही. पण ५९१ सालच्या पोप ग्रेगरी यांच्या एका प्रवचनात तिला आणि लूकच्या शुभवर्तमानातील पापी स्त्रीला एकच मानले गेले, आणि तो शिक्का पुढे शतकानुशतके पुसला गेला नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांप्रमाणे सणाचा दर्जा दिला. एकदा चिकटलेला बोल निघायला किती काळ लागतो, ते पाहा.

सिंधुताई सपकाळ यांना तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. भरलेल्या दिवसांत, चारित्र्यावर संशय घेऊन त्यांना घराबाहेर काढले गेले आणि गोठ्यात त्यांचे बाळंतपण झाले. पुढे याच माईंनी चिखलदऱ्यापासून पुण्यापर्यंत हजारो अनाथ लेकरांना आधार दिला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. पण ज्या दिवशी त्यांना बाहेर काढले, त्या दिवशी त्यांच्या बाजूने किती जण उभे होते?

हे लिहिताना माझेच मन मला खाते. बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलीविषयी कुजबुज सुरू झाली. मिस्सा संपल्यावर आवारात आम्ही चारचौघे उभे होतो. बोलणारे बोलत होते. मी एक शब्दही बोललो नाही, आणि त्यालाच मी चांगुलपणा समजत होतो. ज्या मुलाचे नाव तिच्याबरोबर घेतले जात होते, तो त्याच आवारात हसतखेळत फिरत होता. त्याला कोणी काही विचारले नाही, मीही नाही. त्या मुलीने हळूहळू चर्चला येणे सोडले. माझ्या हातात दगड नव्हता, पण मी त्या घोळक्यात होतो.

काही जण म्हणतील, म्हणजे आता पुरुषांनाच दोष द्यायचा का? नाही. एका मापाने मोजायचे, एवढेच. मुलगा रात्री उशिरा आला तर आपण ताट वाढून ठेवतो आणि मुलगी आली तर जाब विचारतो. लग्न मोडले तर मुलीत काय खोट होती, हे आधी शोधतो. आणि अशी दोन मापे पुष्कळदा आपल्या आया-बहिणीच वापरतात, हेही खरे आहे.

८ मार्च बहुधा प्रायश्चित्तकाळातच येतो. या काळात आपण मांसाहार सोडतो, कोणी गोड सोडतो. यंदा आणखी एक गोष्ट सोडून पाहू. कुणा मुलीबाळीविषयी कुजबुज सुरू झाली की त्या घोळक्यातून निघून जाऊ, आणि धीर झाला तर शांतपणे विचारू, “आणि तो पुरुष कुठे होता?” ज्या बहिणीने आपल्या बोलण्यामुळे चर्चला येणे सोडले असेल, तिच्या घरी एकदा जाऊन येऊ.

हे प्रभो, दुसऱ्याला तोलण्यापूर्वी आमचे माप सरळ कर. आमेन.