दोन जाणते आणि एक अजाण

परवा एक वृद्ध माळकरी रक्ततपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे आले. ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा होता २४. एक डॉक्टर म्हणाले, कमी आहे, औषध घ्या. दुसरे म्हणाले, पुरेसे आहे. “बुवा, यांतलं खरं कोण?” असे त्यांनी विचारले. आम्ही गप्प बसलो.

वाचकहो, मौज अशी की दोघेही खोटे बोलत नव्हते. अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय संस्थेने २०१० च्या अखेरीस सांगितले, की एका मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम बहुतेकांस पुरतात. पुढच्याच वर्षी तेथील एंडोक्राइन सोसायटीने ठरविले, की ३० च्या खाली ते अपुरे. म्हणजे २४ चा मनुष्य एका दारी धडधाकट, दुसऱ्या दारी रोगी! पुढे २०२४ साली याच सोसायटीने ३० चा आग्रह सोडला. निरोगी माणसाने उगीच तपासणी करू नये, मात्र पंचाहत्तरीपुढे न तपासताही हे जीवनसत्त्व घ्यावे, असे सुचविले. मधल्या काळात २५,८७१ माणसांवर मोठा प्रयोग झाला. २०१८ साली निष्कर्ष आला, की रोज २,००० युनिट घेऊनही कर्करोग वा हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही. पण त्यांतील बहुतेकांस मुळात कमतरताच नव्हती. पोट भरलेल्यास जेवू घालून अन्नाची परीक्षा कशी व्हावी?

मग हे तज्ज्ञ लबाड म्हणावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. चुकले तर बदलणे हा जाणत्याचा धर्मच आहे. अवघड आहे ते आपले, अर्धे ऐकून पुरते सांगणाऱ्यांचे.

आम्ही गप्प का बसलो, ते सांगितलेच पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्हांस डॉक्टरांनी ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे दिली होती. बरे वाटले. झाले! आम्ही शेजारच्या गृहस्थांस मोठ्या थाटात म्हणालो, “ती पुडी घ्या हो, पाय हलके होतील.” ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द आम्ही उच्चारले की नाही, देव जाणे. ते बापडे रोज एक घेत राहिले. दोन महिन्यांनी ओकाऱ्या, न शमणारी तहान, बरळणे. रक्तात कॅल्शियम चढले नि मूत्रपिंडांस इजा झाली. हे जीवनसत्त्व अंगातल्या चरबीत साठते, लघवीवाटे चटकन निघून जात नाही. गृहस्थ वाचले, पण आमच्याकडे पाहून हसले, ते आम्हांस अजून सोसत नाही.

त्या दोन अमेरिकन संस्थांत रोजच्या वरच्या मर्यादेविषयीही वाद होता. एक म्हणे ४,०००, दुसरी म्हणे १०,०००. रोज ६०,००० कोणाच्याच पोथीत नव्हते. ते आमचे.

आणखी एक. वनस्पतीजन्य अन्नात ‘ब-१२’ भरवशाचे मिळत नाही. शाकाहाऱ्यास ते दूध, दही, ताक यांतूनच मिळायचे. फार दिवस कमी पडले तर तळपायांस मुंग्या येतात, नसा बिघडतात. याविषयी जाणत्यांत भांडण नाही. म्हणूनच की काय, आमच्या ओट्यावर त्याची चर्चा कधी ऐकली नाही. गर्दी जमते ती भांडणाभोवतीच!

असो. त्या माळकऱ्यांस आम्ही म्हणालो, “तुमचं वय, मूत्रपिंड, चालू औषधं, सगळं ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडे दोन्ही मतं घेऊन जा. आम्ही सोबत येतो.” ते रागावलेच. म्हणाले, “एवढं वाचता, नि घेऊ की नको एवढंही सांगता येत नाही?”

“नाही येत,” आम्ही म्हणालो, आणि चपला शोधू लागलो.