न दिसणाऱ्या कामाचा धर्म

इंजिनच्या ब्लॉकमधला मेन बेअरिंगची कॅप धरून ठेवणारा स्टड गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. मग तो चोख बसवण्याचे बंधन कोणते, धर्माचे की निव्वळ धंद्याचे? नागपूरकरांना उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. 1956 साली त्यांच्याच शहरातल्या दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचे आचरण आहे आणि त्या मार्गात सम्यक आजीविका येते. पवनारच्या विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत बाहेरच्या कर्माला मनाची जोड मागितली. तिला ते विकर्म म्हणत.

ही जोड हातात कशी उतरते? स्टडचे छिद्र आरपार नसेल, तर तळाशी राहिलेल्या किसाने स्टड पुरता बसत नाही. साचलेल्या तेलाच्या दाबाने ब्लॉकला चीरही जाऊ शकते. स्टड हलक्या हाताने फिरवायचा. खरा ताण येतो तो टॉर्क रेंचने नट आवळताना. बोल्टांच्या जागी स्टड घातले की कॅपवरचा दाब बदलतो, बेअरिंगच्या बोअरचा गोलपणा बिघडू शकतो. म्हणून कॅप आवळून बोअर पुन्हा मोजायचा, गरज पडल्यास लाइन बोरिंग करायचे. नेमकी हीच पायरी घाईत गाळता येते आणि कुणाला कळतही नाही. खंडेनवमीला पान्यांना हळदकुंकू मात्र चुकत नाही! बोअर न मोजणारा कारागीर सम्यक आजीविका आणि विकर्म या दोन्ही कसोट्यांवर नापास ठरतो, इंजिन चालले तरी.